तक्त्यातलं रिकामं घर

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. मामीलाही सांग, पण सांगताना ओरडू नकोस. कान तुझे गेलेत, तिचे नाहीत. फोनवर मी एक विचारते आणि तू भलत्याचंच उत्तर देतोस, म्हणून हे पत्र.

तुझ्या जुन्या पाणीपुरवठा कार्यालयात मला लागून चार महिने झाले. तुझा फोटो अजून जिन्यासमोरच्या भिंतीवर आहे. खाली लिहिलंय, 'एकतीस वर्षं, एकही नोंद चुकली नाही.' त्यामुळे आल्या दिवसापासून मी इथे 'त्यांची भाची'. माझ्या हातून काही बिघडलं की लोक आधी फोटोकडे बघतात आणि मग माझ्याकडे.

तर बिघडलंच आहे. तळमजल्यावरचा तो जुना सर्व्हर आठवतो ना, गिरणीसारखा घरघरणारा? तो आता दिवसातून दोनदा मान टाकतो. त्यातला व्हॉल्व्हचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर न्यायचं काम माझ्याकडे आलंय. मला वाटलं, दोन दिवसांत उरकेल. आकडे नीट आले: व्हॉल्व्हचा नंबर, नळाची जाडी, बसवल्याचं साल. पण 'ठिकाण व खुणा' हा रकाना उघडला तर सगळा कचरा. सहा हजार दोनशे नोंदी, आणि एकीतही वाचता येईल असा शब्द नाही. टोप्या घातलेली परकी अक्षरं, आडवे फराटे, मधेच एखादं उलटं उद्गारचिन्ह. जुन्या यंत्रावर मात्र तेच छान मराठीत दिसतं.

आता घाई कशाची ते सांगते. वीस मार्चला दवाखान्याजवळचा मोठा नळ बदलायचाय. त्यासाठी चौदा व्हॉल्व्ह बंद करावे लागणार, आणि तिकडच्या व्हॉल्व्हना वीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही. ते जमिनीखाली कुठे आहेत आणि कुठल्या बाजूला फिरतात, हे फक्त त्या रकान्यात आहे. आमच्या अभियंताबाई म्हणाल्या, "चौदा नोंदी पडद्यावर बघून हाताने उतरव, बाकीचा रकाना दे सोडून." आमचा चावीवाला, म्हणजे रोज पाणी सोडणारा दादा, शेजारी उभा होता. तो म्हणाला, "सोडा की. पुढच्या वेळी आपण सगळे मिळून रस्ता खणत बसू." मला मात्र त्याचं पटलं.

हे सगळं तू टाइप केलंस. कसं केलंस, ते सांग.

तुझी,
भिंगरी

*

११ फेब्रुवारी

भिंगरे,

भरपूर आशीर्वाद. मामी म्हणते, फोनवर ओरडत तूच होतीस, तिला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तो सर्व्हर अजून घरघरतोय हे वाचून बरं वाटलं, माझ्यापेक्षा टिकला.

आता ऐक. यंत्राला 'क' कळत नाही. त्याला आकडा कळतो. दोनशे छप्पन्न घरांचा एक चौकोनी तक्ता डोळ्यांपुढे आण. प्रत्येक घराला नंबर, प्रत्येक घरात एक अक्षर. माझ्या तक्त्यात दोनशे सव्वीस नंबरच्या घरात क राहतो. तुझ्या नव्या यंत्राकडे दुसराच तक्ता आहे आणि त्याच नंबरच्या घरात कुणी टोपीवाला परका राहतो. तू पत्ता बरोबर सांगितलास, पण दार त्याने उघडलं. माणसं हरवलेली नाहीत, तुला फक्त माझा तक्ता हवाय.

तो मात्र तुला जगात कुठे विकत मिळणार नाही. त्या काळात मिळणाऱ्या एकाही फॉन्टमध्ये मला हवं ते सगळं नव्हतं. म्हणून मी एक घेतला आणि रिकाम्या घरांत माझी अक्षरं काढून बसवली. महिनाभर हेच करत होतो. तुझी मामी तेव्हा माहेरी जायच्या गोष्टी करायला लागली होती. रविवारी दिवसभर बसून तक्त्याची नवी प्रत काढली आहे, ती सोबत जोडतो.

एक गोष्ट मनावर कोरून ठेव. मूळ फाइलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढ, त्या प्रतीची प्रत काढ, मग काय ते प्रयोग कर. कचरा दिसला तर खुशाल हस, कारण कचऱ्यात आकडे शाबूत असतात. पण प्रश्नचिन्हं दिसली तर तिथल्या तिथे थांब. यंत्राला घर सापडलं नाही की ते त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतं आणि खालचा आकडा फेकून देतं. मग तो ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. हे मी उगाच सांगत नाहीये.

टाइप मी केलं, पण ते शब्द माझे नाहीत. आमच्याकडे एक चावीवाला होता. सगळे त्याला पाऊलकाका म्हणायचे. ताडमाड उंच, शेजारी उभा राहिला की माझ्या खांद्यावर कोपर टेकवायचा. टेप त्याने कधी वापरला नाही. पावलं मोजायचा. दर सोमवारी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा, खुर्ची दिली तरी बसायचा नाही, आणि "घे लिहून" म्हणून सुरू करायचा. प्रत्येक नोंदीआधी "घे लिहून". मी चिडून म्हणायचो, बाबा, मी लिहूनच घेतोय. तरी पुढच्या नोंदीला पुन्हा "घे लिहून".

उलट्या व्हॉल्व्हची माहिती त्यानेच गोळा केली. काही व्हॉल्व्ह दुसऱ्या कारखान्याचे आहेत, ते सगळ्यांच्या उलट फिरवून बंद होतात. माहीत नसताना जोर लावला की आतला दांडा मोडतो आणि मग तो व्हॉल्व्ह ना उघडत ना मिटत. तो रकाना सोडून देऊ नकोस.

तुझा,
मामा

*

१८ फेब्रुवारी

मामा,

आलं! सगळं मराठीत आलं!

पण तुझ्यापासून काय लपवायचं, आधी मी माती खाल्ली. तुझा तक्ता लावून अक्षरं बदलली, ती नीट झाली, आणि मग मी ती फाइल नव्या सर्व्हरवर चढवताना त्याला 'ही जुन्या तऱ्हेची आहे' असंच सांगून ठेवलं होतं ते विसरले. त्याने इमानदारीत तिचं पुन्हा एकदा रूपांतर केलं. सहाशे नोंदींत नुसती प्रश्नचिन्हं. रांगेने, एका ओळीत चाळीस-चाळीस. मग तुझं पत्र आठवलं, मूळ फाइल कपाटात सुखरूप होती, आणि मी सगळं पहिल्यापासून केलं. तू ते वाक्य लिहिलं नसतंस तर आज मी तुला काय तोंड दाखवलं असतं?

आता मी काम सोडून नोंदी वाचत बसते. बघ:

'८१४. छापखान्याच्या मागच्या दारापासून नऊ पावलं, भिंत धरून. झाकणावर बहुतेक कुत्रं झोपलेलं असतं. चावत नाही, पण उठतही नाही. सरळ.'

'१०९२. शाळेच्या घंटेखाली उभं राहून उजवीकडे चार. पोरं झाकणाच्या भोकात खडू कोंबतात. सरळ.'

'३३४७. चांभाराच्या पायरीपासून सात. उलटा आहे. जोर लावाल तर दांडा मोडेल, मग बसा बोंबलत.'

काल चावीवाल्या दादाला घेऊन ३३४७ बघायला गेले. चांभाराचं दुकान जाऊन तिथे चष्म्याचं आलंय, पण पायरी तीच आहे. सात पावलं मोजली. झाकणाचा पत्ता नाही. दादा म्हणाला, "ताई, उंची बघा ना तुमची." नवव्या पावलाला पायाखाली लोखंड वाजलं. म्हणजे पाऊलकाकांची सात ती माझी नऊ. हे मी वहीत लिहून ठेवलंय. न पाहिलेल्या माणसाच्या पायाचं माप मला आता ठाऊक आहे, याची मोठी गंमत वाटते.

एक कोडं राहिलंय. तुझ्या तक्त्यात एकशे त्र्याहत्तर नंबरचं घर रिकामं आहे. बाकी जी घरं तू वापरली नाहीस त्यांवर बारीक फुली आहे, यावर तीही नाही. आणि डेटाबेसमध्ये हा आकडा येतो! बरोबर एक्केचाळीस नोंदींत, आणि प्रत्येक वेळी अगदी शेवटी, पूर्णविरामानंतर. जुन्या यंत्रावर तिथे काहीच दिसत नाही. कुणीतरी मुद्दाम कोरी जागा टाइप केल्यासारखी. १७३ म्हणजे काय, मामा?

भिंगरी

*

२४ फेब्रुवारी

भिंगरे,

शाब्बास. प्रश्नचिन्हांतून तू बाहेर आलीस यात सगळं आलं.

इथे सगळं ठीक. गच्चीवरच्या कुंडीत पुदिना माजलाय. तुझ्या मामेबहिणीने सायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी फाटकाला धडकवली. फाटकाला पोक आलंय, सायकल ठणठणीत. माझा गुडघा कुरकुरतो, त्याला कोण विचारतो.

१७३ म्हणजे कचरा. जुन्या यंत्रांत असं काहीबाही शिरायचं. काढून टाक, त्यात डोकं घालू नकोस.

ते चौदा व्हॉल्व्ह कुठले, त्यांचे नंबर कळव. सहज विचारतोय.

मामा

ता. क. मी मामी. हे पत्र टाकायला मला दिलंय म्हणून दोन ओळी लिहिते. तुझं पत्र आल्यापासून हे जेवताना गप्प असतात. काल आमटीत मी मीठ विसरले तरी हे बोलले नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली. एकशे त्र्याहत्तर म्हणजे काय गं? झोपेत बोलत होते.

*

३ मार्च

मामा,

तू सांगितलंस म्हणून १७३ काढून टाकला. नोंदी आता स्वच्छ आहेत.

जुनं यंत्र शनिवारी बंद केलं. पंखा थांबल्यावर तळमजल्यावर इतकं शांत झालं की पंपाच्या सुट्या भागांचं सामान ठेवायला आलेली माणसंही दबक्या आवाजात बोलायला लागली. खोली आता त्यांची.

पण ते एक्केचाळीस माझ्या डोक्यातून जात नाहीत. एकत्र ठेवून वाचले. मामा, हा दुसराच माणूस आहे! कुत्रं नाही, खडू नाही, बोंबलणं नाही. 'फाटकापासून दहा पावलं. सरळ.' 'कोपऱ्यापासून पाच पावलं. सरळ.' सगळी पावलं पाच, दहा नाहीतर पंधरा. पाऊलकाकांच्या नोंदींत सात असतं, अकरा असतं, एके ठिकाणी 'साडेतीन, कारण मधे गटार' असंही आहे. आणि एक्केचाळीसपैकी एकही उलटा नाही, बाकीच्यांत दर सहा-सातांत एक असताना. मला वाटतं काका मधे आजारी असतील आणि त्यांच्या जागी कोणी आळशी माणूस आला असेल. जो कोणी होता, त्याने एकदाही जागेवर जाऊन बघितलेलं नाही. खुर्चीत बसून ठोकून दिलंय. तू त्याला पकडलं कसं नाहीस, याचंच आश्चर्य वाटतं.

त्याचा शोध घ्यावा म्हणून मी जुनी कामाची वही काढली. तुझं अक्षर! बावीस वर्षांपूर्वीची एक ओळ सापडली: 'डेटाबेसचं दुसऱ्या यंत्रावर स्थलांतर पूर्ण. सर्व ठीक.' म्हणजे माझ्याआधी हे काम तूही केलं होतंस! मला का नाही सांगितलंस? तू एका फटक्यात केलंस आणि मी सहाशे नोंदींचा चुराडा केला, म्हणून मला वाईट वाटेल असं वाटलं का? अजिबात नाही. मी उलट दादाला मिरवून दाखवलं ते पान.

चौदांची यादी मागे जोडली आहे. त्यातला मुख्य २२१६, दवाखान्याच्या नळावरचा. तो नीट मिटला तरच दवाखान्याला दुसऱ्या बाजूने पाणी देता येतं. तोही त्या आळशी माणसाच्या एक्केचाळीसांतला आहे. 'फाटकापासून दहा पावलं. सरळ.' सगळ्यांची कार्डं छापून दादाच्या पिशवीत दिली आहेत.

भिंगरी

*

७ मार्च, तातडीच्या टपालाने

भिंगरे,

२२१६ ला कोणालाही चावी लावू देऊ नकोस. हे आधी दादाला सांगून ये, मग बसून पुढचं वाच.

तो आळशी माणूस मी.

बावीस वर्षांपूर्वी डेटाबेस हलवायला बाहेरून माणूस बोलवायचं ठरलं होतं. मी ऐटीत म्हणालो, मला कशाला माणूस हवा? एकट्याने केलं. तुझ्यासारखंच दोनदा रूपांतर झालं. फरक एवढाच, की मी मूळ फाइलवरच केलं. प्रत काढली नव्हती. तीनशे ऐंशी नोंदींत प्रश्नचिन्हं. त्या दिवशी मी वहीत 'सर्व ठीक' लिहिलं आणि घरी आलो. तुझ्या मामीलाही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगितलं, ती आत बसून आहे.

एकाच माणसाला सांगितलं, पाऊलकाकाला. त्याने पडद्यावरची ती प्रश्नचिन्हं पाहिली आणि झाकणं उकलायची छिन्नी दाखवत म्हणाला, "तुझ्या यंत्रापेक्षा माझी छिन्नी बरी रे." मग म्हणाला, "घे लिहून." वर्षभर, काम सुटल्यावर तासभर, तो माझ्या टेबलापाशी उभा राहून पुन्हा सगळं सांगत होता. तीनशे एकोणचाळीस नोंदी झाल्या. कोणाजवळ एक अक्षर बोलला नाही.

एक्केचाळीस उरल्या. त्या त्यालाही आठवेनात. मी यादी करून दिली. ती खिशात घालून म्हणाला, "एकेक बघून येतो, दोन महिने दे." त्यानंतर तो आलाच नाही. सोमवारीही नाही. मला वाटलं, कंटाळला, माझी चूक निस्तरून वैतागला. आणि खरं सांगतो, मला जरा सुटल्यासारखं झालं, कारण त्याच्यासमोर बसलं की माझी मान वर होत नसे. दहाव्या आठवड्यात निरोप आला की काका गेला. आजार जुना होता, त्याने कोणाला सांगितला नव्हता.

मी नकाशा घेतला आणि एक्केचाळीस नोंदी बसल्या जागी भरल्या. पावलं अंदाजाने आणि सगळे 'सरळ', कारण सरळ जास्त असतात. आणि शेवटी ते १७३ टाकलं. तो माझ्या फॉन्टमधला मी केलेला कोरा आकार, कोणाला दिसणार नाही असा. मनाशी म्हटलं, सवड मिळेल तशी एकेक जागा बघून येईन आणि ती खूण काढत जाईन. सवड नऊ वर्षं मिळत होती. मी एकही काढली नाही. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. मग निवृत्त झालो आणि त्यांनी तो फोटो लावला.

तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. कचरा आहे म्हणालो. तुझ्याकडूनच ती खूण पुसून घेतली, आणि आता कुठले एक्केचाळीस खोटे हे कोणालाच कळणार नाही. माझ्याकडची यादी मी केव्हाच फाडली. याहून नीच काम मी केलं नाही.

हे पत्र अभियंताबाईंना दाखव. माझी भीड ठेवू नकोस.

मामा

*

१५ मार्च

मामा,

आधी तुझा जीव भांड्यात पडू दे: एक्केचाळीस हरवलेले नाहीत. तू सांगितल्यावर मी १७३ काढला हे खरं, पण कपाटातल्या मूळ फाइलीत तो आहेच, शिवाय मला कुठलंही कोडं सुटल्याशिवाय फेकवत नाही. म्हणून त्या एक्केचाळीसांपुढे एक वेगळा रकाना करून त्यात खूण ठेवली होती. रकान्याचं नाव 'मामाचं कोडं'. तुझं पत्र वाचलं तेव्हा मी खूप रडले. 'खुर्चीत बसून ठोकून दिलंय' हे मी तुलाच लिहिलं होतं ना. माफ कर.

दादाच्या पिशवीतून कार्ड काढून घेतलं आणि पत्र अभियंताबाईंपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग खाली जाऊन जिन्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं फोटो उतरवतात. वर येऊन म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी स्वतःहून सांगतोय माणूस. उद्या सकाळी झाकणं उघडा. आधी २२१६."

फाटकापासून दहा पावलांवर काही नव्हतं. दादा पहारीने जमीन ठोकत पुढे पुढे गेला, मी मागून पावलं मोजत. माझ्या अठ्ठाविसाव्या पावलाला फुलझाडांच्या वाफ्याखाली लोखंड वाजलं. दोन माणसांनी झाकण उचललं. दादा आत उतरला, चावी बाजूला ठेवून त्याने आधी विजेरीने भिंती बघितल्या. मी वरून विचारतेय, काय आहे, काय आहे? तो म्हणाला, "ताई, तुम्हीच या."

खड्ड्याच्या सिमेंटच्या भिंतीवर छिन्नीने कोरलेलं होतं. अक्षर मोठं आणि वाकडं. जसंच्या तसं उतरवते:

'घे लिहून. फाटकापासून २२. उलटा. ३१ फेरे. नर्सबाई वाफ्याला पाणी घालतात, त्यांना आधी विचारा.'

त्यांची बावीस ती माझी अठ्ठावीस. बरोबर बसतं.

मामा, तो उलटा आहे. वीस तारखेला दादाने कार्ड वाचून सरळ जोर लावला असता तर दांडा मोडला असता आणि दवाखान्याला दोन्हीकडून पाणी नसतं.

आम्हाला वाटलं, काका सगळीकडेच कोरत असतील. म्हणून त्या चौदांतले तुझी खूण नसलेले सहा उघडले. कोरलेलं एकातही नाही. मग तुझ्या एक्केचाळीसांतले, २२१६ धरून, बारा उघडले. अकरांत आहे. अकराही ठिकाणी सुरुवात 'घे लिहून'ने. एके ठिकाणी पुढे लिहिलंय, 'टायपिस्टाला दम लागला असेल, चहा पाजा.'

ते कंटाळले नव्हते, मामा. यादी खिशात घेऊन ते खड्ड्याखड्ड्यांत उतरत होते.

भिंगरी

*

१९ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मामीने मला मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकू येत नाही तरी. मला ते हातात धरवत नव्हतं.

त्याने कागदावर का नाही लिहिलं, याचा विचार करतोय. कागद त्याने आणून दिला असता तर मी तो यंत्रात घातला असता, आणि यंत्रात घातलेलं मी एकदा घालवलं होतं. हे त्याने मला तोंडावर कधी बोलून दाखवलं नाही. छिन्नी घेऊन गेला. आजारी माणूस, वाकून, त्या एवढ्याशा खड्ड्यांत. आणि मी इकडे म्हणत होतो, बरं झालं येत नाही ते.

मी येतोय. गुडघा आला तर त्याच्यासह, नाहीतर त्याला घरी ठेवून. हे पोचेल तोवर उद्याचं काम तुम्ही नीट केलंही असेल. २२१६ उलटा, एकतीस फेरे, नर्सबाईंना विचारून. पण उरलेली एकोणतीस झाकणं उघडू नका. ती माझ्यासमोर उघडा. ज्यात कोरलेलं असेल ते तू वाच, मी टाइप करतो. ज्यात नसेल तिथे तो पोचला नाही एवढंच समजायचं, ती मी चावीवाल्याबरोबर मोजेन. माझं पाऊल केवढं ते मला अजून माहीत नाही.

प्रत्येक नोंदीशेवटी 'नोंद करणारा' असा बारीक रकाना आहे. सहा हजार दोनशे ठिकाणी तिथे माझंच नाव आहे. ते सगळीकडचं काढून पाऊलकाका टाक. मी फक्त लिहून घेत होतो. तुझी ती रूपांतराची करामत त्यावर चालव. या वेळी आधी प्रत काढ. एक्केचाळीसांत मात्र माझं नाव राहू दे, त्या दुरुस्त होईपर्यंत माझ्याच आहेत.

फोटोचं काय करायचं ते बाईंना ठरवू दे. मी फक्त एकच मागतो. ती कामाची जुनी वही, बावीस वर्षांपूर्वीचं ते पान, तुझ्या टेबलावर काढून ठेव. 'सर्व ठीक' माझ्याच हाताने खोडायचंय. पेन मी आणतो.

मामा